जिल्ह्यातील लेखकांच्या नव्या पुस्तकांचा सोहळा कसा करावा?

प्रश्न : वाचनालय कार्यकर्ता, धाराशिव जिल्हा

आमचे सार्वजनिक वाचनालय तालुक्याच्या गावी असून 'ब' वर्गात मोडते. जिल्ह्यातील लेखकांच्या अलीकडे आलेल्या पुस्तकांसाठी येत्या हिवाळ्यात एक पूर्ण दिवस राखून ठेवावा, असे कार्यकारिणीत ठरले आहे. तुळजापूरच्या देविदास सौदागर यांच्या 'उसवण' या कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला, ते या विचाराचे निमित्त. स्वतः शिवणकाम करणाऱ्या लेखकाने तयार कपड्यांमुळे मोडकळीस आलेल्या शिंपीकामाची कहाणी लिहिली आणि तिची दखल थेट दिल्लीत घेतली गेली. त्यानंतर देवघेवीच्या खिडकीशी सभासद विचारू लागले की आपल्या भागात आणखी कोण कोण लिहिते, आणि या प्रश्नाचे उत्तर देण्यासारखी यादी कोणाजवळच नाही.

मला काळजी वाटते ती कार्यक्रमाच्या स्वरूपाची. प्रकाशन समारंभ म्हटला की दीपप्रज्वलन, मान्यवरांचे सत्कार, प्रास्ताविक आणि अध्यक्षीय भाषण यांतच दोन तास जातात व लेखकाच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटे येतात. पुस्तक त्याच दिवशी हाती आलेले असल्यामुळे सभागृहातील कोणी ते वाचलेले नसते, आणि उरलेल्या प्रतींचा खोका लेखकासोबत घरी परत जातो. पुस्तक खरोखर वाचले जाईल असा दिवस कसा आखावा? ज्यांनी असे काही केले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त ग्रंथपाल, कोल्हापूर

आपण प्रकाशन करूच नये, पुस्तकावर चर्चा करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. कार्यक्रमाच्या दीड-दोन महिने आधी प्रत्येक पुस्तकाच्या पाच-सहा प्रती विकत घ्याव्यात, रीतसर दाखल करून घ्याव्यात आणि सभासदांमध्ये फिरवाव्यात. प्रती फिरून आल्या की कोणी काय वाचले हे देवघेव नोंदवहीतच दिसते. त्यातूनच बोलणारे वाचक निवडावेत आणि बाहेरून प्रमुख पाहुणे आणण्याचा खर्च प्रतींवर करावा.

पन्हाळा तालुक्यातील कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' या कादंबरीला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्यावर आम्ही तिच्यावर अशीच बैठक घेतली होती. धरणामुळे उठलेली माणसे आणि मागे राहिलेली जनावरे हा तिचा विषय आहे, म्हणून धरणग्रस्तांच्या वसाहतीतील काही वाचकांना आम्ही मुद्दाम बोलावले. त्यांतील एका वयस्क गृहस्थांनी पुस्तकाच्या पानांत कागदाचे कपटे घालून आणले होते आणि एकेक पान उघडून ते सांगत होते की म्हैस जुन्या गावाच्या वाटेला लागते ती कशी, दावे तोडते ती कोणत्या वेळी, आणि लेखकाने हे सारे किती नेमके टिपले आहे. एखाद्या लेखकाचा याहून मोठा सन्मान मी पाहिलेला नाही. सभागृहात माणसे मोजकीच होती, परंतु त्यानंतर ती कादंबरी बराच काळ कपाटात थांबली नाही.

उत्तर २ : कवयित्री, जळगाव

वरील सूचनेस माझी एक जोड आहे. लेखकाला त्याच्या पुस्तकातील उतारा स्वतः वाचायला सांगावे, आणि तो बोलीत असेल तर बोलीतच, प्रमाणभाषेतील खुलाशाशिवाय वाचू द्यावा. आमच्या भागात हे फार लवकर पटते, कारण बहिणाबाई चौधरींची कविता आधी कानांनीच जगली. त्या स्वतः अक्षरे गिरवत नव्हत्या. शेतात आणि घरात त्या ओव्या म्हणत आणि मुलगा सोपानदेव व नात्यातील एक तरुण त्या उतरवून घेत. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांचा संग्रह १९५२ साली आला, तेव्हा त्यांना जाऊन काही महिने झाले होते. लेवा बोलीतील त्या ओळी मोठ्याने म्हटल्या की त्यांतील ठेका आपोआप कळतो, नुसत्या डोळ्यांनी वाचताना तो निम्मा निसटतो.

धाराशिवकडील बोलीत लिहिणाऱ्यांसाठी प्रत्येकी निदान वीस मिनिटे ठेवावीत. वाचनापूर्वी लांबलचक परिचय नको. तो छापून हातात द्यावा.

उत्तर ३ : पुस्तकविक्रेता, लातूर

निवृत्त ग्रंथपालांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, मात्र सत्कार पूर्णपणे वगळू नये. ज्या घरातील माणसाचे नाव पहिल्यांदाच पुस्तकावर छापले गेले आहे, त्या घराला हा मान गावासमोर मिळावासा वाटतो, आणि तो मिळायला हवा. दहा मिनिटांत शाल-श्रीफळ होते.

आता पैशांविषयी, कारण यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही. आपल्याकडील अनेक नवे लेखक छपाईचा खर्च स्वतः उचलतात. अशा लेखकाकडे 'सप्रेम भेट' प्रत मागण्याची पद्धत वाचनालयांनी सोडून द्यावी. प्रती त्याच्याकडूनच विकत घ्याव्यात आणि देयक त्याच दिवशी चुकते करावे. प्रकाशकाचे पुस्तक असेल, तर न विकलेल्या प्रती परत करण्याच्या अटीवर ती आधीच मागवता येतात. विक्रीचे टेबल सभागृहाच्या दाराशीच लावावे, लेखकाला मध्यंतरात तेथे स्वाक्षरीसाठी बसवावे, सुटे पैसे आणि क्यूआर कोड दोन्ही तयार ठेवावेत. टेबल मागच्या खोलीत गेले की विक्री निम्म्यावर येते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

स्वतः प्रकाशन करणाऱ्यांना आणखी एक सांगावे. १९५४ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्रकाशकाने प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरावीक ग्रंथालयांना, त्यांत मुंबईतीलही एक आले, स्वखर्चाने पाठवायची असते. तालुक्यातील लेखकांना हे बहुधा कोणी सांगितलेलेच नसते, आणि पुढे अभ्यासकांना त्यांचे पुस्तक सापडत नाही.

प्रश्नकर्ता : वाचनालय कार्यकर्ता, धाराशिव जिल्हा

तिघांचेही मनःपूर्वक आभार. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, शाळा-महाविद्यालयांचे स्वतःचे कार्यक्रम असतात. म्हणून आम्ही डिसेंबरमधील एक रविवार धरत आहोत. पुस्तके चारच घेणार आहोत, म्हणजे प्रत्येकाला पुरेसा वेळ मिळेल. सत्कार सुरुवातीलाच आणि थोडक्यात होईल, भेट प्रत कोणाकडेही मागितली जाणार नाही. कोल्हापूरच्या अनुभवावरून 'उसवण'च्या प्रती गावातील शिवणकाम करणाऱ्या मंडळींकडे आधी पोहोचवायचे ठरले असून, त्यांपैकी दोघांनी बोलण्याची तयारी दाखवली आहे.

ग्रंथनिवड समितीची बैठक पुढील आठवड्यात आहे. धाराशिव जिल्ह्यातील एखादे नवे पुस्तक आपल्या वाचनात आले असल्यास, लेखकाचे व प्रकाशकाचे नाव त्यापूर्वी येथे कळवावे.