बलाढ्य आरमारावर अचानक हल्ला: मती फिरली की हिशेब चुकला?

लातूर, अभ्यासिकेतून
क्लासमध्ये काल सरांनी पर्ल हार्बर, म्हणजे हवाई बेटांवरच्या अमेरिकी आरमारी तळावर जपाननं केलेला हल्ला, एका वाक्यात संपवला: 'जपानची मती फिरली होती.' मला हे पटंना गेलंय. जपानचं सुमारे ८० टक्के तेल अमेरिकेतून यायचं. जुलै १९४१ मध्ये जपानी फौज दक्षिण इंडोचायनात (आजचं दक्षिण व्हिएतनाम, कंबोडिया) घुसली, अमेरिकेनं जपानचा तिथला पैसा गोठवला आणि ऑगस्टपासून तेल तोडलं. जवळ साठा दीड-दोन वर्षांचा.

२०१६ ला आमच्या लातुरात मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं होतं, तेव्हा मी शाळेत होतो. आई रोज टाकीत काठी बुडवायची, कुठवर ओली झाली ते बघायची आणि दिवस मोजायची. टाकीचा तळ दिसायला लागला की माणूस घाई करतो, पण म्हणून त्याला वेडा म्हणायचं का? जपानचं नेमकं कुठं चुकलं, ते कुणी समजावून सांगाल का?

माजी नौसैनिक, परभणी
बाळा, तुझ्या आईची काठी वाचली आणि तिथंच थांबलो. पंधरा वर्षं मी जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो अठराव्या वर्षी. पण तिथंही काम तेच: टाकीच्या नळीतून पितळी वजन लावलेली फीत सोडायची, वर ओढायची, तेलाची खूण कुठवर आली ते वहीत मांडायचं. त्यामुळे या हल्ल्याकडे मी तेलाच्या बाजूनंच बघतो. जपानचा बेत असा: अमेरिकेचं आरमार काही काळ लुळं करायचं, तेवढ्या वेळात दक्षिणेकडचं तेल ताब्यात घ्यायचं आणि मग अमेरिकेला तडजोडीला बसवायचं.

७ डिसेंबर १९४१ ला सहा विमानवाहू जहाजांवरून साडेतीनशेच्या आसपास विमानं उडाली. बंदरात आठ बॅटलशिप (मोठ्या तोफांच्या चिलखती युद्धनौका) होत्या, त्यांतल्या चार बुडाल्या. पण बंदराची खोली जेमतेम बारा मीटर, त्यामुळे बुडालेलं वर काढता आलं. आठांपैकी सहा जहाजं दुरुस्त होऊन पुन्हा समुद्रात उतरली. अमेरिकेची विमानवाहू जहाजं त्या दिवशी बंदरात नव्हतीच. आणि ४५ लाख बॅरल तेल उघड्यावरच्या टाक्यांत उभं होतं, त्याला साधा ओरखडा नाही! गोदी बहुतेक शाबूत, पाणबुड्यांचा तळ शाबूत.

आता पुढचं बघ. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपाननं सुमात्रा बेटावरच्या पालेंबांगचं तेल घेतलंसुद्धा. म्हणजे अर्धा हिशेब बरोबर ठरला होता. पण ते तेल घरी आणणारी टँकर जहाजं पुढं अमेरिकन पाणबुड्यांनी बुडवली, आणि त्यांतल्या कितीतरी पाणबुड्या त्याच पर्ल हार्बरमधून निघायच्या. विहीर हाती आली, पोहरा मात्र वर येईना.

तरीही टाक्या पेटल्या असत्या तर जपान जिंकला असता, असं मी म्हणणार नाही. दोन्ही महासागरांसाठी प्रचंड आरमार उभं करायचा कायदा अमेरिकेनं जुलै १९४० मध्येच केला होता. जहाजं येणारच होती, जपानच्या हाती फक्त वेळ होता.

दौलताबादजवळून, इतिहासाची शिक्षिका
वेळ विकत घ्यायचा, तर समोरचा सौदा करायला तयार हवा. मी मुलांना हे किल्ल्याच्या पायथ्याशी उभं करून सांगते. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी काही हजार घोडेस्वार घेऊन देवगिरीवर अचानक आला. यादवांचं राज्य मोठं, पण मुख्य फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होती. राजा रामदेवराय किल्ल्यात शिरला, दारं लावली. गोष्ट अशी सांगतात, की धान्याची म्हणून आत घेतलेली पोती उघडली तर मीठ निघालं. मीठ खाऊन वेढा काढता येत नाही.

पण अलाउद्दीनचं खरं बळ त्याच्या मागणीत होतं. त्याला त्या वेळी राज्य नको होतं, खंडणी हवी होती. ती घेऊन तो परत गेला. रामदेवरायाला देऊन मोकळं होता आलं.

अमेरिकेला असा कुठला दरवाजा ठेवला होता? जपानचा वाटाघाटी तोडल्याचा खलिता पोहोचला तेव्हा बॉम्ब पडायला लागलेही होते. आदल्या दिवसापर्यंत युद्ध नको म्हणणारे अमेरिकेत लाखोंनी होते. ८ डिसेंबरला प्रतिनिधीगृहात युद्धाच्या बाजूनं ३८८ मतं, विरोधात एक. ज्या तडजोडीवर अख्खा बेत उभा होता, ती पहिल्याच सकाळी त्यांनी स्वतः मारली. मला तरी चूक इथंच दिसते.

नांदेडहून
बाईंचं पटलं, पण जपानला ही आशा आली कुठून तेही बघा. फेब्रुवारी १९०४ मध्ये त्यांनी चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्ट आर्थरला रशियन आरमारावर असाच रात्री अचानक हल्ला केला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या पोर्ट्समथला तह पदरात पाडला. तिथं रशियाची रसद एकेरी रेल्वेनं हजारो किलोमीटरवरून यायची, वर १९०५ ला घरातच क्रांती पेटलेली. झारला युद्ध थांबवणं भाग होतं. अमेरिकेला तशी कसलीच गरज नव्हती.

आणि युद्धाखेरीज वाट होतीच की: १९३७ पासून चीनवर चालवलेलं आक्रमण थांबवून तिथून फौज काढायची. इंडोचायनातली घुसखोरी त्याच आक्रमणाची पुढची पायरी, तेल बंद झालं ते त्यापायी. ती वाट आधीच बंद करून मग 'दुसरा इलाज नव्हता' म्हणणं मला मान्य नाही. चीनमध्ये मेलेल्या माणसांचा विचार केला तर अजिबात नाही.

लातूर, अभ्यासिकेतून
चीनचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, मी तेलापासूनच मोजायलो होतो. काका, मग आपल्या नौदलाचा कराचीवरचा हल्ला?

माजी नौसैनिक, परभणी
४ डिसेंबर १९७१ ची रात्र. पण तिथं युद्ध आदल्या संध्याकाळी सुरू झालेलं होतं आणि समोरचा आपल्याहून बलाढ्य नव्हता, म्हणून ते तुझ्या प्रश्नात बसत नाही. एवढं मात्र लिहून ठेव: आपल्या क्षेपणास्त्र नौका लहान, तेल थोडं, म्हणून त्यांना बराच पल्ला ओढत न्यायची तयारी आधीच केलेली होती. आणि त्या मोहिमेत जहाजांबरोबर कराची बंदरातल्या केमारीच्या तेलटाक्याही पेटल्या.