ग्रीक चित्रपटांतील युद्धस्मृती : जर्मन ताब्यापेक्षा यादवी अवघड का?

प्रश्न

१९४१ मध्ये जर्मनी, इटली आणि बल्गेरियाने ग्रीस ताब्यात घेतला आणि पहिल्याच हिवाळ्यात अथेन्सच्या रस्त्यांवर माणसे उपासमारीने मेली. तरीही ग्रीक चित्रपटांत त्यानंतर सरकार आणि कम्युनिस्ट बंडखोर यांच्यात झालेल्या यादवी युद्धाची (१९४६–४९) जखमच अधिक ठसठसताना दिसते, असे मला वाटते. हे कितपत खरे आहे, आणि पाहायला सुरुवात कोठून करावी?

प्रतिसाद १

बऱ्याच अंशी खरे आहे. परक्या शत्रूशी दिलेल्या लढ्याचे गोडवे गाता येतात. यादवीत मात्र मारणारे आणि मरणारे अनेकदा एकाच गावचे होते, शिवाय हरलेल्या कम्युनिस्ट पक्षावर १९७४ पर्यंत बंदी होती. थिओ अँजेलोपुलोस यांच्या ‘द ट्रॅव्हलिंग प्लेयर्स’पासून (१९७५) सुरुवात करावी, ज्याचे चित्रीकरण ग्रीसमध्ये लष्करी राजवट (१९६७–७४) असतानाच सुरू झाले होते. त्यात १९४६ च्या नववर्षाच्या नृत्यसभेत राजनिष्ठ आणि डावे एकमेकांना गाण्यांतून आव्हान देतात आणि अखेर पिस्तूल निघते. पुढे राजनिष्ठांचे टोळके रस्त्याने चालू लागते आणि दृश्य कोठेही न तुटता तेच टोळके यादवीत सरकारी सैन्याचे सरसेनापती असलेल्या पापागोस यांच्या १९५२ च्या निवडणूक प्रचारात जाऊन मिसळते. यादवीत जिंकलेल्यांच्याच हाती पुढे देश राहिला, हे तेथे एकही संवाद न लिहिता कळते.

प्रतिसाद २

त्याच दिग्दर्शकाचा ‘व्हॉयेज टू सिथेरा’ही (१९८४) जरूर पाहावा. सोव्हिएत संघात बत्तीस वर्षे काढून परतलेला म्हातारा बंडखोर गावाच्या जमीनविक्रीला एकटाच आडवा येतो, आणि शेवटी त्याला मायदेशात ठेवून घ्यायला कोणीच तयार होत नाही. ही भूमिका करणारे मानोस कात्राकिस स्वतः डाव्यांना डांबले जाई त्या माक्रोनिसोस बेटावर बंदिवासात राहिले होते, हे ठाऊक असल्यावर त्यांचे मौन पाहताना जीव कासावीस होतो.

प्रतिसाद ३

वरील मांडणी मला पूर्णपणे पटत नाही, कारण या दोन स्मृती अशा वेगळ्या करता येत नाहीत. पँटेलिस वूल्गारिस यांचा ‘द लास्ट नोट’ (२०१७) वरवर जर्मनांच्या क्रौर्याचा चित्रपट आहे. १ मे १९४४ रोजी अथेन्सजवळच्या कैसारियानी येथे २०० कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या. जर्मनांच्या हायदारी बंदी-छावणीतील कैदी आणि दुभाषा नेपोलियन सुकात्झिदिस याला वगळण्याची तयारी जर्मन अधिकाऱ्याने दाखवली होती, परंतु आपल्या जागी दुसऱ्या कैद्याला नेणार हे कळल्यावर त्याने ती नाकारली. मात्र त्या २०० जणांपैकी बहुतेक जण कम्युनिस्ट होते; त्यांना जर्मन येण्याआधीच ग्रीसचे हुकूमशहा मेटाक्सास यांच्या राजवटीने डांबले होते, आणि ग्रीक तुरुंगांतूनच ते जर्मनांच्या हाती पडले.