आईला पल्मनरी हायपरटेन्शन आहे, घरी शुश्रूषा कशी करायची?

साताऱ्याची_लेक

आई ५८ वर्षांची आहे. दहा वर्षांपासून स्क्लेरोडर्मा, म्हणजे कातडी कडक होत जाण्याचा आजार. दिवाळीनंतर एक जिना चढली तरी धापा टाकायची, आम्हाला वाटलं वय झालं. मग पाय सुजले आणि एकदा देवघरासमोरून उठताना चक्कर येऊन पडली. पुण्याला नेलं, नळी घालून हृदयाच्या उजव्या बाजूचा दाब मोजला. फुप्फुसाच्या धमनीतला सरासरी दाब ४६ आला. तो २० च्या वर जायला नको, असं डॉक्टर म्हणाले.

बुधवारी घरी आणलं. सिल्डेनाफिल २० दिवसातून तीनदा, अँब्रिसेंटन एकदा, सकाळी लघवीची गोळी आणि रात्री ऑक्सिजनचं मशीन. कागदावर 'मीठ कमी, विश्रांती' एवढंच लिहिलंय. ऑक्सिमीटर कधी ९४ दाखवतो, कधी ८१, आणि माझ्या पोटात गोळा येतो. बाबा तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. काल रात्री तिला छातीत जड वाटलं तर ते स्वतःची जिभेखालची गोळी तिला द्यायला निघाले होते. तिनेच नको म्हटलं. कुणी अशा पेशंटची सेवा केली असेल तर सांगा.

वॉर्डातली_सिस्टर

ताई, बाकी सगळं नंतर. बाबांची ती गोळी आत्ता आईच्या खोलीतून बाहेर न्या. ती सॉर्बिट्रेट असणार, म्हणजे नायट्रेट जातीची. सॉर्बिट्रेट आणि सिल्डेनाफिल दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. दोन्ही एकत्र झाली की बीपी असं कोसळतं की माणूस हातात राहत नाही. फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहा: 'सिल्डेनाफिल चालू आहे, नायट्रेट देऊ नये.' तीच चिठ्ठी आईच्या पर्समध्येही ठेवा. रात्री-अपरात्री छातीत दुखतंय म्हणून जवळच्या दवाखान्यात न्याल, तर तिथे पहिली तीच गोळी पुढे येईल. छातीत जड वाटलं होतं, हे तुमच्या डॉक्टरांनाही आजच कळवा.

मी १९ वर्षं हृदयरोगाच्या वॉर्डात काम केलं. अगदी नवीन असताना तुमच्या आईच्याच वयाच्या एक बाई माझ्याकडे होत्या. पहाटे एकट्याच संडासला गेल्या, मी औषधांची ट्रॉली लावत होते. आतून कडी. धप्प आवाज आला तेव्हा मी दाराशी धावले, पण दार उघडायला वॉर्डबॉय येईपर्यंत थांबावं लागलं. त्या वाचल्या, कपाळाला सात टाके पडले. कुंथताना छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं. यांच्या हृदयाची उजवी बाजू आधीच दमलेली असते, तिला ते झेपत नाही, आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून बाथरूमची आतली कडी आजच काढून टाका. आईला पोट साफ होण्याचं औषध डॉक्टरांना विचारून सुरू करा. आंघोळ बसून, कोमट पाण्याने. कडकडीत पाण्याने बीपी उतरतं.

वजन रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, एकाच काट्यावर. वहीत लिहा. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर पाय सुजायची वाट बघू नका, फोन करा. पाणी साठतंय हे काट्याला घोट्याच्या आधी कळतं. मीठ दिवसभराचं सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा, त्यापेक्षाही कमी सांगितलं असेल तर तेवढंच. लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी, बेकरीची खारी यातलं मीठ लोक मोजतच नाहीत. दुकानात 'कमी सोडियम'चं मीठ मिळतं, ते मनाने आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, काही लघवीच्या गोळ्यांबरोबर ते रक्तात वाढतं.

स्क्लेरोडर्मात बोटं गार पडतात, बोटात रक्तच कमी येतं, मग ऑक्सिमीटर चुकतो. हात कोमट करा, ऑक्सिमीटर लावून मिनिटभर थांबा, नाडीचा आकडा स्थिर झाला की मगच वाचा. आणि आकड्याच्या आधी आईकडे बघा. एक वाक्य न थांबता बोलता येतंय का? ओठ निळे आहेत का? हात गरम करूनही आकडा ९० च्या खाली राहिला, किंवा ती नेहमीसारखी वाटत नसेल, तर वाट बघू नका, दवाखान्यात न्या.

बाबांना सांगा, पूर्ण बसवून ठेवलं तर पायातली ताकद जाते आणि दम आणखी लवकर लागतो. घरातल्या घरात, बोलत बोलत चालता येईल तेवढं चालू दे. मात्र बादली उचलणं आणि दोरीवर कपडे वाळत घालणं नको, हात वर करून काम केलं की यांना फार लवकर धाप लागते. आणि देवघर त्याच खोलीत असेल तर ऑक्सिजनचं मशीन चालू असताना समई-उदबत्ती नाही.

सात_वर्षं_झाली

मी स्वतः पेशंट आहे, वय ३४. सिस्टरांनी सगळं सांगितलं, माझं एकच. सिल्डेनाफिल आणायला गेले तेव्हा दुकानदार चारचौघांत हसून म्हणाला, "मिस्टरांना पाठवा." कारण लोकांना ती फक्त पुरुषांची 'व्हायग्रा' म्हणून माहीत असते. मला इतकी लाज वाटली की गोळ्या संपल्या तरी मी तीन दिवस गेले नाही, घरीही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी आयसीयूत होते. बाबा आणायला जाणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की ही फुप्फुसाच्या दाबाचीही गोळी आहे, आणि चिठ्ठी दाखवायला द्या. २० ची नाही म्हणून ५० ची देतात, ती घेऊ नका. घरात पंधरा दिवसांच्या गोळ्या कायम शिल्लक हव्यात.

तुमच्या आईंना प्रश्न नसेल, पण ही चर्चा वाचणाऱ्या तरुण मुलींसाठी लिहिते: अँब्रिसेंटन किंवा त्याच जातीच्या बोसेंटनवर असताना गरोदरपण चालत नाही, बाळाला व्यंग होऊ शकतं. बोसेंटनमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणामही कमी होतो. मला हे लग्नानंतर कळलं.

साताऱ्याची_लेक

कडी काढली. सॉर्बिट्रेट बाबांच्या शर्टाच्या खिशात गेली, आईच्या उशाशी आता फक्त पाणी आहे. आज सकाळी वजन ५३.४ भरलं, बुधवारी घरी आल्यावर ५१.८ होतं. डॉक्टरांना फोन करून वजनाचं आणि काल रात्रीचं दोन्ही सांगितलं. त्यांनी लघवीची गोळी दुपारीही द्यायला सांगितली आणि उद्या रक्त तपासून, ईसीजी काढून घ्यायला बोलावलंय. आई विचारतेय, देवघरापर्यंत चालत जाऊ का. मी हो म्हटलंय, मशीन बंद करून, मी बरोबर.