आंब्याच्या कलमावर टेकलेले सुरूचे झाड कापत आणावे की ओढून काढावे?

प्रश्न (आगरवाला, श्रीवर्धन तालुका)

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या आगरातील बरीच झाडे गेली. जी उरली त्यांची मुळे तेव्हाच हलली असावीत, कारण गेल्या आठवड्यातील वळवाच्या साध्या वाऱ्याने आणखी दोन झाडे आडवी केली. फूटभर जाडीचा एक सुरू मुळांसकट कलंडून शेजारच्या हापूसच्या कलमात अडकला आहे, आणि एक फणस पऱ्यावर (ओढ्यावर) आडवा पडून दोन्ही काठांवर टेकला आहे. चेनसॉ चालवणाऱ्या दोन गड्यांना दाखवले, तर त्यांचेच आपसात जुळेना. एकाचे म्हणणे, सुरूच्या बुंध्याचे हात-हातभर तुकडे पाडत गेले की झाड आपोआप उभे होत खाली येते. दुसरा म्हणतो, तसे करायचे असेल तर मी येथे थांबणार नाही. फणस वरून कापावा की खालून, यावरही वाद आहे. अनुभवी मंडळींनी कारणांसह सांगावे.

उत्तर १ (लाकूड ठेकेदार, दापोली)

तुकडे पाडण्याची पद्धत मी स्वतः अनेक वर्षे वापरली आहे, त्यामुळे ती कोणी वापरतच नाही असे म्हणणार नाही. मांडीएवढ्या जाडीपर्यंतचे झाड तसे उतरते. मात्र एकदा कापलेला बुंधा जमिनीत रुतेल असे मी धरून चाललो होतो, तो कातळावर आपटून उसळला आणि माझ्या नडगीला लागला. हातात चालू करवत होती. ती पायावर आली नाही हे माझे नशीब. तेव्हापासून फूटभर जाडीच्या झाडाला मी ही पद्धत लावत नाही.

फणसाचे उत्तर सोपे आहे. खोड दोन्ही टोकांना टेकलेले असेल तर वरच्या बाजूला दाब आणि खालच्या बाजूला ताण असतो. म्हणून आधी वरून साधारण एक तृतीयांश जाडीपर्यंत कापावे, नंतर खालून वर येत काप पुरा करावा. वरूनच शेवटपर्यंत गेलात तर चीर मिटते आणि बार (करवतीची साखळी ज्यावर फिरते ती पट्टी) आत आवळला जातो. एकच टोक टेकलेले असेल तर सगळे उलटे होते.

उत्तर २ (वृक्षतोडीचे प्रशिक्षण घेतलेला, सध्या अलिबाग)

ठेकेदार काकांचा मान राखून सांगतो की मांडीएवढ्या झाडालाही मी ही सवलत देणार नाही. प्रत्येक तुकड्यागणिक झाड अधिक उभे होत जाते आणि शेवटी ते कोणत्या बाजूला जाईल हे कोणालाच सांगता येत नाही. कापणारा मात्र प्रत्येक वेळी त्याच्या पायथ्याशीच असतो. ज्या कलमावर ते टेकले आहे ते कापणे, किंवा वरून दुसरे झाड पाडून त्याला खाली आणणे, हे तर त्याहून वाईट.

पण या वादात एक गोष्ट सुटते आहे. आपला सुरू मुळांना अजून जोडलेला आहे, त्यामुळे ओढायचा ठरवला तरी त्याला मुळांपासून तोडणारा एक काप घ्यावाच लागेल, आणि माझ्या मते खरा धोका त्या कापात आहे. खोड सुटताच त्याचा भार नाहीसा होतो आणि मुळांसह उपटलेला मातीचा गड्डा धाडकन मागे खड्ड्यात बसतो, किंवा पुढे कापणाऱ्याकडे कलंडतो. म्हणून मुळाला लागून कापू नये; गड्डा पुढे आलाच तर त्याला टेकू मिळेल एवढा लांब खुंट ठेवावा, आणि गड्ड्यामागच्या खड्ड्याजवळ कोणालाही, विशेषतः मुलांना, फिरकू देऊ नये. त्यानंतर मजबूत झाडाला चेन पुली (साखळीने जड वस्तू ओढण्याचे हाताचे यंत्र) बांधून बुंधा मागे, म्हणजे शेंडा टेकला आहे त्याच्या विरुद्ध दिशेला, ओढावा. दोर तुटला तर ज्या पट्ट्यात फटकारेल तेथे कोणी उभे राहू नये.

उत्तर ३ (बागायतदार, गुहागर)

उत्तर १ मध्ये वर-खालचा ताण सांगितला, पण वाऱ्याने पडलेली झाडे बाजूलाही वाकलेली असतात. खोड धनुष्यासारखे वाकले असेल तर फुगीर बाजूला उभे राहू नये, कारण सुटल्यावर ते त्याच बाजूला झेपावते. आमच्याकडे काही जण अशा खोडात बारचे टोक थेट खुपसतात. टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत डोळ्याचे पाते लवण्याआधी उलटी तोंडाकडे येते. चेनब्रेक (फिरती साखळी क्षणात थांबवणारा ब्रेक) त्यासाठीच असतो, आणि भाड्याच्या यंत्रांवर नेमका तोच बिघडलेला आढळतो. काम सुरू करण्यापूर्वी तो एकदा लावून पाहावा.

पुन्हा आगरवाला

सर्वांचे आभार. फणस काल उत्तर १ प्रमाणे कापला. बार अडकला नाही. सुरूसाठी चेन पुली मिळाली, पण चेनब्रेक तपासला तेव्हा तो लागतच नव्हता, म्हणून यंत्र परत पाठवले. तुकडे पाडू म्हणणारा गडी अद्याप नाराज आहे. दुसरे यंत्र येईपर्यंत कलमाभोवती दोर बांधून वाट बंद केली आहे. मुळाकडचा खुंट छातीएवढा लांब ठेवला तर पुरेसा होईल का, एवढे कृपया सांगावे.

उत्तर २

गड्ड्याची उंची मोजावी. तो माणसाएवढा असेल तर छातीएवढा खुंट चालेल. त्याहून उंच असेल तर खुंटही वाढवावा. कापताना बाजूला उभे राहावे, समोर नव्हे.