‘चार्टर स्कूल’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘बडतर्फ’ की ‘सेवामुक्त’?

कतरिना वादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समधल्या सरकारी शाळांचं आणि तिथल्या कृष्णवर्णीय वस्त्यांचं काय झालं, यावरच्या लेखाचा अनुवाद करतेय. ‘चार्टर स्कूल’ला ‘सनदी शाळा’ चालेल का? शिक्षकांना ‘बडतर्फ केलं’ असं मी लिहिलंय, संपादक ‘सेवामुक्त’ करा म्हणतात.

— ‘सनदी’ म्हटलं की लेखापाल नाहीतर कलेक्टर डोळ्यासमोर येतो. सरळ ‘खासगी अनुदानित’ लिहा की. पैसा सरकारचा, कारभार संस्थेचा. आपल्याकडे गावोगाव तेच आहे.

— ‘अनुदानित’ने घोळ होईल. आपल्या अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला खासगी शाळा कर्मचाऱ्यांसाठीच्या 1977च्या कायद्याचं संरक्षण असतं. तुकडी तुटली तर तो ‘अतिरिक्त’ ठरतो, पण मग त्याचं समायोजन होतं. न्यू ऑर्लिन्सच्या चार्टर शाळेत फी नसते हे खरं, पण शाळा ठरावीक वर्षांच्या करारावर चालते. निकाल घसरले की करार जातो. शाळा बंद होते किंवा दुसऱ्या संस्थेला मिळते. ‘चार्टर शाळा’च ठेवा आणि पहिल्या उल्लेखाला एका वाक्यात हे सांगून टाका.

‘बडतर्फ’ मात्र नको. त्यात चौकशी आणि ठपका येतो, इथे दोन्ही नव्हतं. 29 ऑगस्ट 2005ला वादळ आलं, पूरबांध फुटले, शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. नोव्हेंबरात लुइझियानाच्या विधिमंडळाने कायदा करून शंभराहून जास्त शाळा शहराच्या निवडून आलेल्या शाळा मंडळाकडून काढल्या आणि रिकव्हरी स्कूल डिस्ट्रिक्ट या राज्याच्या यंत्रणेला दिल्या. मंडळाकडे फारशा शाळाच उरल्या नाहीत, तेव्हा त्याने सात हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांना घरी बसवलं, शिक्षकांपासून स्वयंपाकघरातल्या बायकांपर्यंत. माणसं ह्यूस्टन-अटलांटाला आसऱ्याला, आणि काहींची पत्रं गेली उद्ध्वस्त घरांच्या पत्त्यावर! वादळाआधी शिक्षकांत सुमारे 71 टक्के कृष्णवर्णीय होते, 2014पर्यंत ते निम्म्याच्या खाली आले. खालच्या कोर्टांत कर्मचारी जिंकले, 2014ला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ‘सेवामुक्त’ वाचून हार-नारळ दिल्यासारखं वाटतं. ‘कामावरून काढलं’ लिहा.

— मूळ लेखात ‘रिफॉर्म’ अवतरणचिन्हांत आहे का? नसेल तर तुम्हीही ‘सुधारणा’ अवतरणात टाकू नका, उगाच टोमणा होईल. तिथले निकाल खरोखर वर गेले, ट्युलेन विद्यापीठातल्या संशोधकांनी ते दाखवलंय. वादळाआधी त्या मंडळाचा कारभारही काही धड नव्हता, एफबीआयची माणसं तपासाला बसलेली होती.

— निकाल वर गेले, मान्य. पण शाळा कोणाच्या हातात गेल्या ती वेगळी गोष्ट. दोन्हीला एकच शब्द वापरला की वाद झाकला जातो. कारभाराच्या बदलाला ‘फेररचना’ म्हणा, निकालांबद्दल ‘सुधारणा’.

— आणि ‘टेकओव्हर’ला ‘प्रशासक नेमला’ म्हणू नका. मंडळ बरखास्त झालं नव्हतं, थोड्या शाळा त्याच्याकडे राहिल्या होत्या. ‘काढून घेतल्या’ पुरे. 2018ला शाळा मंडळाकडे परत आल्या, पण चार्टर म्हणूनच.

‘फेररचना’ घेतलं, आभार. आता एकच अडलंय. ‘नेबरहुड स्कूल’ला ‘परिसर शाळा’ फार सरकारी वाटतं. वादळानंतर पालकांना शहरभरातली कुठलीही शाळा निवडता येऊ लागली, पोरं पहाटे बस पकडून शहराच्या दुसऱ्या टोकाला जायला लागली, त्या संदर्भात आलाय.

— ‘वस्तीतली शाळा’. न्यू ऑर्लिन्समध्ये ‘कुठल्या शाळेचा?’ विचारलं की हायस्कूलचं नाव सांगतात, कॉलेजचं नाही. मॅकडोनो 35 हे कृष्णवर्णीय मुलांसाठीचं शहरातलं पहिलं सरकारी हायस्कूल, 1917चं. घरातल्या दोन-तीन पिढ्या एकाच शाळेच्या, असं तिथे सर्रास. ‘परिसर’मध्ये ते येत नाही.

— ‘घराजवळची शाळा’ही चालेल, पण बसचा मुद्दा असेल तिथेच.