मदत हवी आहे : बुलेटला साइडकार जोडल्यानंतर वळणे कशी घ्यावीत?

नमस्कार. अनेक वर्षे दुचाकी चालवल्यानंतर, गुडघ्याच्या दुखण्यामुळे गाडी पायावर पेलणे अवघड होऊ लागले म्हणून मी बुलेटला डाव्या बाजूने साइडकार (सोबत्याला बसण्यासाठी बाजूला जोडायची एकचाकी बैठक) जोडून घेतली आहे. आरसीवरील नोंदीचे काम झाले आहे, तेव्हा तो विषय बाजूला ठेवतो.

अडचण सवयीची आहे. वेगात असलेली दुचाकी वळवताना हँडल क्षणभर किंचित उलट दिशेने दाबले जाते आणि गाडी झुकते. ही गाडी मात्र झुकतच नाही, हँडल फिरवावे तिकडेच जाते, आणि हात अजून जुनेच करू पाहतात. शिवाय साइडकारच्या चाकाला ब्रेक नसल्याने ब्रेक दाबताच गाडी उजवीकडे ओढते, तर गती वाढवली की डावीकडे. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या रस्त्यावर डावे वळण जरा वेगात घेतले की साइडकारचे चाक अलगद उचलले जाते, याचीच खरी धास्ती वाटते. उजव्या वळणांचा तितकासा त्रास नाही. सध्या रिकाम्या साइडकारमध्ये वाळूची गोणी ठेवतो (जांभ्याचा चिरा ठेवून पाहिला, पण तो फार खडखडतो).

जाणकारांनी कृपया सांगावे, की एकट्याने जाताना साधारण किती वजन ठेवावे आणि ते चाकाच्या रेषेत ठेवावे की पुढे? साइडकारचे चाक पुढून किंचित आत वळलेले असावे लागते, ते घरच्या घरी कसे तपासावे? आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या उतारावर ब्रेक लावण्याची आपली पद्धत काय आहे?