एस्टोनियासाठी आठ दिवस जास्त होतात का?

रानवाट:
गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं आठ दिवस फक्त एस्टोनियात, बाल्टिक समुद्राकाठच्या या छोट्या देशात, राहिलो. तेव्हापासून भेटेल तो म्हणतो, "तेवढ्यात पॅरिस-स्वित्झर्लंड झालं असतं." मला हे मुळीच पटत नाही, म्हणून धागा काढतेय.

देश महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढा, वस्ती 13-14 लाख, आणि निम्मी जमीन जंगलाखाली. लाहेमा राष्ट्रीय उद्यान 1971 चं, अख्ख्या सोव्हिएत संघातलं पहिलं. तिथल्या विरू दलदलीतून लाकडी फळ्यांची वाट जाते. पाइनची झाडं जेमतेम खांद्याला लागतात आणि वयानं आजोबांपेक्षा मोठी! खाली शेवाळ्याचा ओला गालिचा, मध्ये तळी. ओंजळीत पाणी घेतलं तर कोऱ्या चहाचा रंग. रात्री साडेदहाला तिथे बसून आम्ही डबा खाल्ला, उजेड होता.

आणि इतिहास! 1988 साली राजधानी टालिनच्या गीतमहोत्सवाच्या मैदानावर लाखो लोक जमून आपली गाणी गायले, पुढच्या वर्षी 23 ऑगस्टला टालिनपासून लिथुआनियाच्या विल्नियसपर्यंत हातात हात धरून माणसांची साखळी झाली, 1991 ला देश सोव्हिएत संघातून पुन्हा स्वतंत्र. हीच 'गाण्यांची क्रांती'. त्या रिकाम्या मैदानाच्या उतारावर उभी राहिले तेव्हा अंगावर काटा आला.

सांगलीकर:
ताई, तुमचा आनंद खरा आहे, पण सल्ला म्हणून पटत नाही. मुंबईहून थेट विमान नाही. शेंगेन, म्हणजे युरोपच्या सामाईक व्हिसाचेच माणशी 90 युरो. आमच्यासारखे लोक आई-वडिलांना घेऊन आयुष्यात एकदा युरोपला जातात. सत्तरीच्या आईला आल्प्सचा बर्फ दाखवायचा की दलदल? जेवणाचंही बघा. शाकाहारी माणसानं आठ दिवस काय खायचं?

रानवाट:
आईंना आल्प्स दाखवा, त्यात वादच नाही. मी म्हणतेय ते दहा दिवसांत पाच देश पळवणाऱ्या सहलींबद्दल. बसमधून उतरा, फोटो काढा, बसा. खाण्याचं म्हणाल तर राईचा काळा पाव, बटाटे, मशरूम, बेरी सगळीकडे. आणि कोहुके! घट्ट चक्क्याच्या वडीवर चॉकलेटचा पापुद्रा. रोज दोन खायचे मी.

घाटमाथा:
साऱेमा बेटावरचं काली हे उल्केचं विवरही पाहिलंत म्हणे. 110 मीटरचं ते डबकं! आपलं लोणार जवळजवळ 1.8 किलोमीटरचं, तेही बेसाल्टमधलं. इथल्या किती जणांनी लोणार नीट, तळापर्यंत उतरून पाहिलंय? घरचं न पाहता बाल्टिकला धावायचं, याचा मला मनापासून त्रास होतो.

रानवाट:
लोणार दोनदा पाहिलंय, दैत्यसूदनाच्या देवळासकट. म्हणूनच कालीला गेले. ती उल्का पडली तेव्हा बेटावर माणसं राहत होती. त्यांनी आभाळ पेटलेलं पाहिलं असेल, हा विचार त्या लहानशा तळ्याकाठी डोक्यातून जात नाही. मोजमापाची तुलना इथे कामाची नाही.

तार्तूकर:
चार वर्षं एस्टोनियातल्या तार्तू शहरात शिकतोय, म्हणून वेगळं बोलतो. रानवाट, तुम्ही जूनचा एस्टोनिया पाहिलात. डिसेंबरात टालिनला सहा तास उजेड असतो, तोही करडा. कुणाला जायला सांगाल तर कोणत्या महिन्यात जायचं ते आधी सांगा.

दुसरं, तुम्ही रशियाच्या सीमेवरच्या नार्वाला गेला नाहीत आणि इतिहासावर बोलताय. 1944 च्या बॉम्बहल्ल्यांत ते जुनं शहर जवळजवळ संपलं. सोव्हिएत राजवटीनं मूळ रहिवाशांना परतू दिलं नाही, कारखान्यांसाठी रशियातून कामगार आणले. आज तिथे दहातले नऊ जण रशियन बोलतात. नदीच्या या काठावर हेरमान किल्ला, त्या काठावर रशियाचा इवानगोरोद, दोन्ही समोरासमोर. माझी घरमालकीण तिथली. तिच्या आजीला 'गाण्यांची क्रांती' आपली वाटली नाही, हे तिनं मला जेवताना शांतपणे सांगितलं. मैदानावरचा काटा खरा, पण ही बाजूही त्याच देशाची आहे.

रानवाट:
हे लागलं, आणि बरोबर आहे. टालिनच्या बस स्थानकावर नार्वाची पाटी लावलेली बस समोर उभी होती, तरी आम्ही साऱेमाचीच धरली. म्हणजे आठ दिवस कमीच पडले.

सांगलीकर:
माझा हिशेब अजून बदललेला नाही. पण कोहुके घरी चक्क्याचे जमतील का, तेवढं सांगा. आईला गोड आवडतं.